एवढी मोठी लेन्स दुखत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्टाफरूममध्ये नवीन कोणी आलं की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. डबीतली माझी कॉन्टॅक्ट लेन्स बघतात, नकळत स्वतःच्या डोळ्याला हात लावतात अन् म्हणतात, “मॅडम, एवढी मोठी? दुखत नाही?” आमच्या आईनं तर पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, बशी.

नाही दुखत. मोठी आहे म्हणूनच नाही दुखत.

मला दोन्ही डोळ्यांत केरॅटोकोनस आहे. डोळ्याच्या काळ्या भागावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. माझी त्याहून पातळ होत गेली अन् पुढे टोक काढून बसली. कॉलेजात असताना दर सहा महिन्यांनी सिलिंडरचा नंबर वाढायचा अन् चष्मेवाला म्हणायचा, “सवय होईल.” काय सवय होईल! कोजागरीला गच्चीवर दूध पिताना एक डोळा झाकला तरी मला तीन-चार चंद्र दिसायचे, एकमेकांवर सरकलेले. सगळ्यांना तसेच दिसत असतील असं वाटायचं, म्हणून बोलले नाही कोणाला. पृष्ठभागच वेडावाकडा झाला तर चष्म्याचा नंबर किती बदलणार?

लेझर का नाही केलं, हेही विचारतात. लेझर कॉर्निया तासून नंबर घालवतं. माझ्याकडे तासायला होतं काय? सी-थ्री-आर झालं. रायबोफ्लेविनचे थेंब टाकून वरून अतिनील किरण सोडतात, त्यानं कॉर्निया कडक होते. आजार थांबला. चंद्र तेवढेच राहिले.

मग आल्या छोट्या कडक लेन्स, आरजीपी, नऊ-दहा मिलिमीटरच्या. दिसायचं झकास. पण ती लेन्स टेकते कॉर्नियावरच, अन् कॉर्नियाइतकी हळवी जागा अंगात क्वचितच असेल. माझ्या टोकावर ती डुगडुगायची. मे महिन्यात, ४५ अंशांत, तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटीवर निघालं की धुळीचा एक कण लेन्सखाली शिरणार म्हणजे शिरणार. एकदा अजनीच्या पुलाजवळ गाडी कडेला लावून मी ढसाढसा पाणी गाळत उभी. एक काका पाण्याची बाटली घेऊन आले अन् हळूच म्हणाले, “कोणी गेलं का बापा?”

ही जी बशी आहे, तिला स्क्लेरल लेन्स म्हणतात. माझी १६ मिलिमीटरची आहे, याहून मोठ्याही असतात. हिची कड टेकते डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, जिथे संवेदना बरीच कमी. कॉर्नियावरून ती कमानीसारखी जाते, शिवत नाही. मधल्या फटीत सलाइन भरलेलं असतं. पावसाळ्यात खड्डे पाण्यानं भरले की आपल्याकडचा रस्ता कसा सपाट दिसतो, अगदी तसं. फरक इतकाच की हे पाणी फसवत नाही. डोळा कोरडा पडणाऱ्यांना, अगदी स्टीव्हन्स-जॉन्सनच्या (बहुतेकदा औषधाच्या जबर रिॲक्शननं होणाऱ्या आजाराच्या) रुग्णांनाही, या पाण्याचाच आधार होतो.

अन् हे काही नवं खूळ नाही. १८८८ साली झुरिकचे डोळ्यांचे डॉक्टर फिक यांनी बनवलेल्या पहिल्या कॉन्टॅक्ट लेन्स अशाच मोठ्या होत्या, काचेच्या. त्याच सुमारास पॅरिसमध्ये कॅल्ट यांनी केरॅटोकोनसवरच तसली काच वापरून पाहिली. काचेतून ऑक्सिजन जात नाही, त्यामुळे ती फार वेळ ठेवता यायची नाही. ऑक्सिजन जाऊ देणारं प्लॅस्टिक आलं तेव्हा कुठे मोठ्या लेन्सचे दिवस फिरले.

घालायची रीत मात्र शिकावी लागते. टेबलावर टॉवेल, त्यावर आरसा आडवा. तीन बोटांवर लेन्स धरायची, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाइन काठोकाठ भरायचं, मान इतकी वाकवायची की तोंड जमिनीला समांतर. मग डोळा खाली न्यायचा नाही, लेन्स वर आणायची, एक थेंब न सांडता. आत बुडबुडा राहिला तर सगळं पहिल्यापासून. पहिल्या दिवशी मला सात वेळा करावं लागलं अन् टॉवेल पिळण्याजोगा झाला. काढायला इवलासा रबरी प्लंजर असतो. तो मधोमध नाही, कडेजवळ चिकटवायचा, म्हणजे आधी हवा शिरते अन् लेन्स सुटते. पाचव्या तासाला कधी कधी फळा दुधाळ दिसायला लागतो. पाणी गढूळ झालेलं असतं. काढायची, धुवायची, नवं पाणी भरून घालायची. दहा मिनिटं जातात.

दुखतं ते वेगळंच. चांगला मोबाइल येईल एवढ्या पैशांची वस्तू बोटावरून घरंगळते तेव्हा. लेन्स शोधायला डोळ्यात लेन्स पाहिजे ना! गेल्या उन्हाळ्यात अशीच पडली. मी फरशीवर चाचपडतेय, अन् आईला ती कूलरच्या स्टँडखाली दिसली. “थांब, धुऊन देते,” म्हणत ती थेट नळाकडे. नळाच्या पाण्यातला अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव कॉर्नियात शिरला तर डोळा जाऊ शकतो, हे सांगायला वेळ कुठला? मी नुसती ओरडले. लेन्स वाचली, पण आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.