तुम्ही विचारलंत म्हणून: मॅडम, हा सट्टा नाही का?

कॉलेजच्या पोरांपासून कोर्टाच्या आवारात भेटणाऱ्या वकीलमित्रांपर्यंत सगळे विचारतात की मॅडम, सोलापुरात बसून आंतरराष्ट्रीय लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर पंचांपुढे वाद सोडवणं, शिकवता ते एक वेळ ठीक, पण दुसऱ्याच्या केसमध्ये पैसे लावायचे आणि जिंकल्यावर वाटा घ्यायचा, ज्याला थर्ड पार्टी फंडिंग म्हणतात, हा सट्टाच झाला ना, आणि कायद्यात बसतं का हे?

बसतं. १८७६ सालीच प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या आपल्या सर्वात वरच्या अपील कोर्टाने, सांगून ठेवलंय की अशा करारांवरची इंग्लंडमधली बंदी भारतात लागू नाही, फक्त करार अगदीच पिळवणूक करणारा असेल तर कोर्ट तो मानणार नाही. मनाई आहे ती वकिलाला, अशिलाच्या निकालात त्याने हिस्सा ठरवायचा नाही. २०१८ मध्ये बार कौन्सिल विरुद्ध ए. के. बालाजी या निकालात सुप्रीम कोर्टानेही हा फरक नोंदवला. आणि आपल्या महाराष्ट्रात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २५ मध्ये दुरुस्तीच आहे, की पैसे पुरवणाऱ्याने दाव्यात हिस्सा घेतला असेल तर कोर्ट त्याला त्याच्या संमतीने वादी म्हणून, आणि तो नाही म्हणाला तर प्रतिवादी म्हणून आत आणू शकतं आणि समोरच्याच्या खर्चापोटी सिक्युरिटी मागू शकतं. हे आपल्या वकिलांनाही माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मी यात का पडले. माझ्या ओळखीचे एक टॉवेलवाले आहेत, अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखाना, माल युरोपात जायचा. एकदा कंटेनर पोचल्यावर बायर म्हणाला जीएसएम, म्हणजे कापडाचं वजन, कमी भरतंय, रंग जातोय, आणि पेमेंट अडवलं. ते सगळी फाईल घेऊन घरी आले, शिपमेंटच्या आधीचा टेस्ट रिपोर्ट होता, बायरच्याच माणसाने पास केलेले सॅम्पल होते, केस चांगली होती. पण कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं, वाद झाल्यास लवाद लंडनला, लवाद म्हणजे निवाडा देणारे पंच तीन, कायदा इंग्लंडचा. तीन लवादांची फी, तिकडचे वकील, हे सगळं धरलं तर येणं बाकी होतं त्याहून खर्च जास्त. त्यांनी निम्म्याच्याही खाली तडजोड केली आणि गप्प बसले. बाजू खरी असून केवळ लढायला पैसा नाही म्हणून माणूस हरतो, हे मला तेव्हा फार लागलं आणि त्यानंतर मी फंडिंगचा अभ्यास धरला तो आजपर्यंत सोडला नाही.

फंडर काय करतो तर वकिलांची फी, लवादाचा खर्च सगळं तो भरतो, केस हरली तर त्याचा पैसा बुडाला, तुमच्याकडून मागत नाही. जिंकली तर आधी त्याची मुद्दल, मग त्याचा नफा, उरेल ते तुमचं. नफा किती? एस्सार विरुद्ध नॉर्सकॉट या दोन कंपन्यांमधल्या केसमध्ये नॉर्सकॉटने फंडिंग घेतलं होतं, अट अशी की फंडरला लावलेल्या रकमेच्या तिप्पट किंवा वसुलीच्या ३५ टक्के, जे जास्त असेल ते. लवादाने हा खर्चही, १९ लाख ४० हजार पौंड, एस्सारवरच टाकला, कारण नॉर्सकॉटला या वेळेवर आणलं एस्सारच्याच वागण्याने, आणि २०१६ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाने ते कायम ठेवलं. तिप्पट ऐकलं की लोक म्हणतात ही तर सावकारी. पण सावकार पीक गेलं तरी वसूल करतो, इथे पीक गेलं की पैसा देणाराही गेला. म्हणून तो आधी कागद न् कागद तपासतो, समोरच्याची मालमत्ता कुठे आहे, वसुली होईल का ते बघतो. याला सट्टा म्हणणं मला पटत नाही.

धोका आहेच, तो मी वर्गात लपवत नाही. नायजेरियाविरुद्ध पी अँड आयडी नावाच्या कंपनीला व्याज धरून ११ अब्ज डॉलरच्या वर गेलेला लवादाचा निवाडा मिळाला होता, मागे गुंतवणूकदारांचा पैसा होता, आणि २०२३ मध्ये लंडनच्या कोर्टाने लाचलुचपत आणि खोटी साक्ष सापडली म्हणून तो फसवणुकीने मिळवलेला ठरवला. म्हणून पैसा कुणाचा हे लवादाला आणि समोरच्याला कळलंच पाहिजे. सिंगापूरने २०१७ मध्ये यासाठी कायदा केला, आपल्याकडे अजून तसा स्वतंत्र कायदा नाही, आणि तो व्हावा म्हणून मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते, त्या टॉवेलवाल्यांना आजही फंडर मिळणार नाही. दावा खर्चाच्या दहापट तरी असावा असा या धंद्यातला ढोबळ हिशेब असतो, काही लाखांच्या येण्याकडे कुणी बघत नाही. त्यामुळे आपल्या एक्स्पोर्टवाल्यांना मी सांगते की ऑर्डर हातची जाईल म्हणून घाबरू नका, सही करायच्या आधी ते शेवटचं पान वकिलाला दाखवा, लवाद तीन नको एकच ठेवा, सीट, म्हणजे लवादाचं कायदेशीर ठिकाण, मुंबई मागा, नाहीच जमलं तर सिंगापूर, आणि रक्कम छोटी असेल तर झटपट प्रक्रिया लागू राहील असं एक वाक्य घालून घ्या. बायर बऱ्याचदा या पानावर हुज्जत घालत नाही, त्याचं सगळं लक्ष रेटवर असतं.