दोन्ही डिस्क चालवणारं मशीन आणि आण्णांची खिडकी

डीव्हीडीपेक्षा लख्ख चित्र दाखवणाऱ्या हाय डेफिनेशन डिस्कचे दोन फॉरमॅट, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी. त्यांच्या भांडणात घोडं नक्की कुठं अडलंय हे मला कळलं ते ताराबाई पार्कातल्या एका बंगल्यात, २००७ च्या दिवाळीत. तेव्हा मी राजारामपुरीतल्या एका होम थिएटरच्या दुकानात फिटिंगचं काम करायचो. प्लाझ्मा टीव्ही भिंतीला टांगायचा, स्पीकरच्या वायरी पट्टीतनं फिरवायच्या, अँप सेट करायचा आणि जाताना रिमोट घरातल्या पोरांना शिकवायचा, कारण मोठी माणसं शिकतच नाहीत. त्याच वर्षी मोझर बेअर कंपनीनं ३४ रुपयांत डीव्हीडी आणलेली, लोक एका वेळी चार-पाच उचलायचे. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी हा विषय ज्यांचं कोणीतरी अमेरिकेत आहे अशा मोजक्या घरांपुरताच, पण डोकं सगळ्यात जास्त खायची ती हीच घरं.

आण्णांची गोकुळ शिरगावला फौंड्री. भाचा अमेरिकेतनं दिवाळीला आला तो दोन्ही प्रकारच्या डिस्क घेणारं मशीन घेऊनच, आणि सोबत मॅट्रिक्सचा एचडी डीव्हीडीचा सेट. मशीन ११० व्होल्टचं, म्हणून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घेऊन मला बोलावलेलं. म्हणलं अर्ध्या तासाचं काम, चहा पिऊन सुटू.

पण हॉलमध्ये बघतो तर सगळी भावकी जमलेली. भाच्यानं आधीच हवा केलेली की ह्या डिस्कमध्ये सिनेमा चालू असताना कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडते आणि त्यात सिनेमा बनवणारी माणसं तोच सीन कसा केला ते सांगत बसतात. आण्णांचे आजोबा म्हणे कधीकाळी प्रभातच्या सेटवर सुतारकाम करायचे, म्हणजे कंपनी १९३३ ला पुण्याला जायच्या आधी, इथं कोल्हापुरात होती तेव्हा. त्यामुळे 'शिनेमा कसा करत्यात' ह्यात आण्णांना लहानपणापासनं रस, सिनेमापेक्षाही जास्त.

डिस्क घातली. मिनिटभर नुसतं फिरत राहिलं (तेव्हाची मशीनं अशीच, बटण दाबून चहा टाकून यावा) आणि एकदम सिनेमाच सुरू झाला. चित्र एक नंबर, काय बोलायचं काम नाही. पण डिस्कचा मेनू नाही, खिडकी नाही, काहीच नाही.

"आरं, शिनेमा दिसतोय, मग खिडकी का दिसंना?" आण्णा.

वायर बदलली, टीव्हीचं इनपुट बदललं, मशीनची सगळी सेटिंग पालथी घातली. भाचा मागनं सारखं 'डिस्क ओरिजिनल आहे, डिस्क ओरिजिनल आहे', जणू मी काय वेगळं म्हणत होतो. एक मामा तर सरळच बोलले, की दुकानातनं आणलेलं मशीन नव्हं म्हणून पोरगं हात राखून काम करतंय. राग आला, पण गप्प बसलो, दिवाळीचं घर.

मग माझं लक्ष गेलं मशीनच्या पुढच्या पट्टीकडं. ब्लू-रेचा लोगो होता, एचडी डीव्हीडीचा नव्हता. खोका मागवला, त्याच्यावर एचडी डीव्हीडी चालते असं लिहिलेलं, पण तो ठरलेला शिक्का तिथंही नाही. हे मी आधी कुठंतरी वाचलेलं, पण डोळ्यासमोर आल्यावर ट्यूब पेटली. एचडी डीव्हीडीचं मेनू-खिडकीचं सगळं काम एचडीआय नावाच्या प्रोग्रॅमिंगवर चालायचं, मायक्रोसॉफ्टनं पुढं आणलेलं. हे मशीन त्या डिस्कवरचा सिनेमा वाचत होतं पण एचडीआय त्याला चालवताच येत नव्हतं, आणि जे मशीन ते चालवत नाही त्याला लोगो मिळत नाही.

सांगून पटेना. शेवटी भाच्यालाच आठवलं की त्याच्या लॅपटॉपला एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह आहे. लॅपटॉप टीपॉयवर ठेवला, तीच डिस्क घातली, आणि आली खिडकी! उजव्या कोपऱ्यात माणूस बोलतोय, मागं सिनेमा चालूच. भिंतीवर ५० इंची प्लाझ्मा बंद आणि आख्खी भावकी टीपॉयभोवती दाटीवाटीनं वाकून त्या १७ इंची स्क्रीनकडं बघतेय, पंखा घरघरतोय, कुणाचं तरी डोकं सारखं मधी येतंय. मामा एक शब्द बोलले नाहीत. मला तेवढंच बास झालं.

आण्णा फौंड्रीवाले, त्यांना लगेच कळलं. म्हणाले, "म्हंजे पॅटर्न करून ठेवलाय, पण भट्टीच न्हाई." मी म्हणलं व्हय, अगदी तसंच.

पुढचा प्रश्न ठरलेला, मग दुकानातनं चांगलं ब्लू-रेचं मशीन दे की. इथं माझी गोची. मालकांनी सकाळीच सांगितलेलं की ब्लू-रेचा एक जुना पीस पडून आहे, आण्णांच्या गळ्यात मार. पण त्यात खिडकी कुठनं येणार? एचडी डीव्हीडीवाल्यांनी २००६ च्या पहिल्या मशीनपासनंच दुसरा व्हिडिओ डिकोडर (म्हणजे खिडकीतलं चित्र वेगळं उलगडणारा भाग), थोडी मेमरी आणि नेटचं पोर्ट सक्तीचं केलेलं. ब्लू-रेत जागा जास्त, दोन लेयरची डिस्क ५० जीबीची, समोरची ३० ची. पण खिडकीसाठी लागणारा दुसरा डिकोडर आणि २५६ एमबी मेमरी सक्तीची झाली ती १ नोव्हेंबर २००७ पासनं येणाऱ्या नव्या मॉडेलांना, म्हणजे आमच्या त्या दिवाळीच्या तोंडावर. त्याआधीच्या मशीनांना सूट. आमचा पीस सूटवालाच. नेट तर ब्लू-रेच्या नियमांच्या पुढच्या टप्प्यात, तेही ऐच्छिक. (तसं त्या काळात आपल्याकडं टीव्हीपर्यंत नेटची वायर कोण ओढत होतं म्हणा.)

हे एवढं मी आण्णांना सांगितलं आणि वर म्हणलं, आत्ता काय घेऊ नका, थांबा. भाच्याचा सवाल, मग ब्लू-रेवर मॅट्रिक्स का नाही, बॅटमॅन बिगिन्स का नाही, हे सिनेमे काढणारा वॉर्नर स्टुडिओ तर दोन्ही फॉरमॅट काढतो? अहो, म्हणूनच नाही. बॅटमॅन बिगिन्स एचडी डीव्हीडीवर ऑक्टोबर २००६ लाच आलेला, मॅट्रिक्स मे २००७ ला, दोन्ही खिडकीसकट. ब्लू-रेची मशीनं खिडकी दाखवणार नाहीत तर त्यावर ते काढायचेच कशाला, म्हणून ठेवले अडकवून. लोक तेव्हा वॉर्नरला लई शिव्या घालायचे, की मुद्दाम रखडवतात, ह्यांचा आतनं एचडी डीव्हीडीशी घरोबा आहे. मला विचाराल तर तो उशीर हाच त्यातल्या त्यात सरळ व्यवहार होता. उलटं वॉर्नरच्याच '३००' नावाच्या सिनेमाचं बघा. जुलै २००७ ला दोन्हीवर एकाच दिवशी आला, एचडी डीव्हीडीवर निळ्या पडद्यासमोरचं मूळ शूटिंग खिडकीत, ब्लू-रेवर ते गायब. गिऱ्हाइकानं पैसे मोजले, माल कमी मिळाला, आणि पुढं कधी पुरा आला की परत पैसे मोजा. त्यापेक्षा उशिरा येऊ दे, पण पुरा येऊ दे.

दुकानात परतल्यावर मालकांनी बिनपाण्यानं केली. जुना पीस तसाच राहिला आणि दिवाळीची विक्री मी बुडवली म्हणून महिनाभर टोमणे.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरनं जाहीर केलं की आता फक्त ब्लू-रे, आणि १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीची मुख्य कंपनी तोशिबानं ती बंद केली. म्हणजे ज्या फॉरमॅटनं खिडकी पहिल्या दिवसापासनं दिली तोच मेला, आणि जो नंतर देऊ म्हणाला तो जगला. डिकोडर बघून भांडणं मिटत नाहीत, स्टुडिओ कुणाकडं त्यावर मिटतात.

आण्णांना मी मार्चनंतर प्लेस्टेशन ३ घ्यायला लावलं, त्यात ब्लू-रेही चालायची. "गेम खेळायचं मशीन? ह्या वयात?" असं म्हणून घरच्यांनी भरपूर चेष्टा केली, पण तेव्हा तेच एक शहाणं मशीन होतं, कारण त्याला अपडेट यायचे. आदल्या डिसेंबरच्या अपडेटनं खिडकी आली, मार्चच्या अपडेटनं बीडी-लाइव्ह, म्हणजे ब्लू-रेचं नेटवालं काम, तेही फुकट. वॉर्नरच्या अमेरिकन डिस्कना रीजनचं कुलूप (ठरावीक देशांतल्याच मशीनवर चालायची अट) नसायचं, म्हणून भाचा पाठवेल त्या आपल्याकडं चालायच्या. जुलै २००८ ला बॅटमॅन बिगिन्स आला, ऑक्टोबरात मॅट्रिक्स.

मॅट्रिक्स पोचला त्या रात्री आण्णांचा फोन. आवाज एकदम खूश, "आली रं खिडकी, भिंतीवर आली, मोठी!" आणि मागनं काकूंचा आवाज, "ती बंद करा आधी, त्याच्या बडबडीत शिनेमाचं काय ऐकू येईना झालंय."