सामानगड, बगदाद आणि काकांची पेन्शन

परवा काकांना हयातीचा दाखला द्यायला गडहिंग्लजला बँकेत घेऊन गेलो होतो. काका म्हणजे मावशीचे मिस्टर, मराठा लाइट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले, आता कोल्हापुरात आमच्या शेजारीच राहतात पण खातं अजून तिकडंच. काम अर्ध्या तासात उरकलं, मग म्हटलं चला जवळचा सामानगड किल्ला करून येऊ, गाडी पार वर जातीय.

गडावरच्या विहिरीच्या कडेला बसून मी त्यांना 1844 चा गडकऱ्यांचा उठाव सांगायला लागलो. तेव्हा कोल्हापूरचे राजे अल्पवयीन, कारभार इंग्रजांनी बसवलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हातात. गडकरी म्हणजे पिढ्यान् पिढ्या किल्ला राखणारी माणसं, त्याच चाकरीच्या जमिनीवर त्यांचं घर चालायचं. नव्या कारभारात त्या जमिनींना हात लागला आणि पहिला भडका उडाला तो इथंच, सामानगडावर, मग भुदरगड, पन्हाळा. उठाव मोडला, नंतर किल्ल्यांची तटबंदी पाडली.

काका म्हणाले, "म्हणजे पगार बंद केला आणि हत्यार तसंच ठेवलं." मी म्हटलं काका, हेच इराकमध्ये झालं ओ! कोल्हापूर काय युद्ध हरलेला देश नव्हता हे मान्य, पण चूक अगदी तीच वाटते मला.

2003 ला सद्दाम पडला, अमेरिकेनं इराकचा कारभार बघायला पाठवलेला पॉल ब्रेमर 12 मेला बगदादला आला, अंगात सूट, पायात जाडजूड बूट, अरबी येत नाही. 16 मेला पहिला हुकूम, सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार थरातली माणसं सरकारी नोकरीतनं बाहेर, त्यात मास्तर, डॉक्टर पण गेले कारण नोकरीत वर चढायचं तर पार्टीचं मेंबर व्हावंच लागायचं. 22 मेला युनोच्या सुरक्षा परिषदेनं 1483 नंबरचा ठराव केला, त्यात अमेरिका-ब्रिटन ऑक्युपाइंग पॉवर, म्हणजे देशाचा ताबा घेतलेल्या सत्ता, आहेत असं कागदावरच आलं, म्हणजे देश चालवायची जबाबदारी त्यांच्या गळ्यात. आणि दुसऱ्याच दिवशी, 23 मेला, दुसरा हुकूम: इराकचं अख्खं सैन्य विसर्जित. तीन-चार लाख माणसं!!

ब्रेमरच्या आधी आलेले रिटायर्ड जनरल जे गार्नर यांचा प्लॅन बरोबर उलटा होता, सैनिकांना पगार चालू ठेवायचा आणि पुन्हा देश उभा करायच्या कामाला लावायचं. ब्रेमरची बाजू अशी की सैन्य आधीच घरी पळून गेलं होतं, विसर्जित करायला शिल्लक काय होतं. असेल. पण घरी गेलेला माणूस बोलावला की येतो, तू आता कुणीच नाहीस असं सांगितल्यावर तो कुठं जाणार?

आपली पण पोरं तिकडं जायची वेळ आली होती, आठवतंय का कुणाला? अमेरिकेनं भारताकडं सैन्य मागितलं होतं, आणि 14 जुलै 2003 ला वाजपेयी सरकारनं युनोचा स्पष्ट आदेश नाही म्हणून नकार दिला. काका म्हणाले बराकीत तेव्हा रोज तीच चर्चा, काहीजणांनी मनातल्या मनात बॅग पण भरली होती. पहिल्या महायुद्धात इराकमधल्याच कुतला वेढ्यात अडकलेल्यांत मराठा पलटणी होत्याच की.

परतीच्या वाटेवर काकांनी विचारलं, मग त्या सैनिकांना पैसे मिळाले की नाही?

मिळाले. पण आधी ते बगदादला मोर्चे घेऊन आले, 18 जूनला गोळीबारात दोघं मेले, आणि 23 जूनला भत्ता जाहीर झाला, महिना 50 ते 150 डॉलर.

काकांनी बोटं मोजली. "मे तेवीस ते जून तेवीस. एक महिना." मग खिशातनं बँकेची पोचपावती काढली, उलटसुलट बघितली, घडी घालून परत ठेवली. "गेल्या साली माझी पेन्शन चार दिवस लेट झाली तर मी बँकेत जाऊन काय बोललोय ते तुझ्या मावशीला विचार."