तुम्ही विचारलंत म्हणून: त्या फोटोनंतर काय झालं

"तू तर बाळाला ऑफिसला न्यायचीस ना? मग बंद का केलंस?"

हा प्रश्न मला गेली काही वर्षं लग्नात, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या गेटवर, कुठेही विचारला जातो. मी दरवेळी "पुढे नाही जमलं" एवढंच म्हणते आणि विषय बदलते. मागच्या आठवड्यात आमच्याच ऑफिसातल्या एका मुलीने विचारलं. तिला सातवा लागलाय. रजेनंतरचं बोलायला ती सरांकडे गेली, तर सर म्हणाले, "हिला विचार, हिने केलंय ते." तिलाही मी तेच ठरलेलं उत्तर देऊन जागेवर येऊन बसले आणि दिवसभर माझा मलाच राग येत राहिला. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

बाळ सांभाळायला सासूबाई का येऊ शकल्या नाहीत, आई का नाही, नवऱ्याची चाकणची शिफ्ट, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. ते पुन्हा उगाळत नाही. "काहीतरी मार्ग निघालाच असता" असं अजूनही ज्यांना वाटतं, त्यांच्याशी वाद घालायची माझ्यात ताकद उरलेली नाही.

तुम्ही पाहिलेला फोटो ऑगस्ट २०१९ चा. मांडीवर लेक, समोर कॉम्प्युटर, माझा एक हात कीबोर्डवर. ऑफिसातल्याच कुणीतरी काढला आणि 'आजची हिरकणी' असं लिहून तो नात्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर फिरला. मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. पुढे कितीतरी दिवस तोच डीपी होता. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा माझाही फोटो कुणीतरी पुन्हा उकरून काढला आणि प्रश्न नव्याने सुरू झाले.

कायदा मला तोंडपाठ आहे, सीएच्या ऑफिसात दुसरं काय करतो आम्ही. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा बारा आठवड्यांची सव्वीस आठवडे झाली. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर ती द्यावीच लागते. आम्ही तेव्हा चौदा जण होतो, त्यामुळे मला ती मिळाली, एक पैसा न कापता. त्याच दुरुस्तीत पाळणाघराचं कलम आहे, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं असंही त्यात आहे. पण ते पन्नास माणसांपासून पुढे. कारखान्यांचा १९४८ चा कायदा पाळणाघरासाठी तीसच्या वर बायका मोजायचा. आता मला सांगा, पुण्याच्या पेठांमधली सीएंची आणि वकिलांची ऑफिसं, लक्ष्मी रोडची दुकानं, दवाखाने, लॅब, यांत पन्नास माणसं कुठे असतात? बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज दोन जादा सुट्ट्या मिळतात, तेही मला माहीत होतं. पण बाळ सिंहगड रोडला आणि आई सदाशिव पेठेत, तर त्या सुट्टीत पाजायचं कुणाला?

घराजवळच्या तीन पाळणाघरांत जाऊन आले. दोघींनी सांगितलं, चालायला लागल्यावर आणा. तिसरीकडे दहा बाय बाराच्या खोलीत अकरा मुलं होती आणि टीव्ही चालू. त्या काकूंना मी नावं ठेवत नाही, त्या एकट्याच होत्या. पण साडेपाच महिन्यांचं, मानही नुकतीच सावरलेलं पोर तिथे ठेवून जिना उतरायला माझे पाय तयार नव्हते.

तेव्हा सरच म्हणाले, "आण की तिला. रेकॉर्ड रूम रिकामीच असते." ते मनापासून म्हणाले होते. सरांच्या बायकोने घरची गोधडी पाठवली. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून आम्ही दोघी रिक्षाने जायला लागलो. जुन्या वाड्यातलं ऑफिस, दुसरा मजला, लिफ्ट नाही. एका खांद्यावर लेक, दुसऱ्यावर दुपटी, लंगोट, नाचणीच्या सत्त्वाचा डबा. रेकॉर्ड रूमच्या दाराची कडी बसत नव्हती, म्हणून पाजताना दाराला खुर्ची लावून बसायचे. चारी बाजूंनी लाल कापडात बांधलेले फायलींचे गठ्ठे. जुन्या कागदाचा वास आला की मला अजूनही दूध दाटल्यासारखं वाटतं.

ते दिवस चांगले होते. हे ठासून सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की हिला पस्तावा झाला.

पण त्या फोटोत मावशी नाहीत. आमच्या ऑफिसात झाडलोट करायच्या, दोन वेळचा चहा करायच्या, त्या मावशी. मी जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरत असताना, क्लायंटचे फोन घेत असताना लेक मावशींच्या कडेवर असायची. "तुमी करा तुमचं, माझ्याकडं द्या," म्हणायच्या. लोक म्हणायचे मी नोकरी करून बाळ सांभाळते. बाळ सांभाळत होत्या मावशी. त्यांचा स्वतःचा दीड वर्षाचा नातू तेव्हा जनता वसाहतीत घरी असायचा, त्याच्या आठ वर्षांच्या बहिणीजवळ. ती शाळा बुडवायची का, असं मी एकदा विचारलं. "जाती कधीमधी," म्हणाल्या. त्यानंतर मी परत विचारलं नाही. महिन्याला हजार रुपये त्यांच्या हातावर ठेवायचे आणि ते कमी आहेत हे मला तेव्हाही कळत होतं.

आमच्या ऑफिसातल्या एक ज्येष्ठ बाई होत्या, त्यांच्याबद्दलही सांगते. त्यांना ते सगळं खुपायचं. "आम्हाला नाही कुणी असं चालू दिलं," एवढंच एकदा बोलल्या. मी घरी येऊन नवऱ्याजवळ त्यांच्या नावाने कितीतरी वेळ बोलत होते. आज वाटतं, त्यांची दोन मुलं कुठे, कुणाकडे वाढली, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आता तो दिवस. मंगळवार, २४ सप्टेंबर २०१९. तारीख विसरणं शक्य नाही, दुसऱ्याच रात्री आंबिल ओढ्याला तो पूर आला. टॅक्स ऑडिटची मुदत तीस तारखेची. शेवटचा आठवडा सीएच्या ऑफिसात कसा असतो ते ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. जमिनीवर सुद्धा व्हाउचर पसरलेली. पितृपक्ष चालू होता. मावशींच्या गावाला म्हाळ, म्हणून त्या दोन दिवस नव्हत्या. झाडणारं कुणी नव्हतं आणि धरणारंही कुणी नव्हतं.

लेक नऊ महिन्यांची. रांगायची, कपाट धरून उभी राहायची. मी तिला टेबलाशेजारी सतरंजीवर बसवलं, पुढ्यात वाटी-चमचा दिला आणि एका कापड दुकानाचा थ्री-सीडी, म्हणजे टॅक्स ऑडिटचा फॉर्म, भरायला घेतला. मधूनमधून वाकून बघत होते. चमच्याचा आवाज येत होता, मग येईनासा झाला. शांत झाली, बरं झालं, असं मला वाटलं. मूल अचानक शांत झालं की उठून बघावं, हे कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. मला त्या दिवशी बरं वाटलं.

समोरच्या टेबलावरच्या आर्टिकल मुलाने, म्हणजे सीए होण्यासाठी आमच्याकडे काम शिकणाऱ्याने, पाहिलं. एकोणीस-वीस वर्षांचं पोर. "ताई, ती काहीतरी चावतेय."

इथून पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. मी लगेच उठले नाही. फॉर्म भरायचं ते सॉफ्टवेअर मधेच अडकायचं आणि तासाभराचं भरलेलं सगळं जायचं. मी आधी सेव्हचं बटण दाबलं. सेव्ह झाल्याची खिडकी उघडेपर्यंत थांबले. किती वेळ गेला असेल? तीन सेकंद, चार सेकंद. मग खुर्ची मागे ढकलली.

तोंडात बोट घातलं तर हिरडीला लागून स्टेपलरची पिन. वाकलेली, कागदातून उपटून टाकलेली. माझ्या बोटाला लाळ आणि थोडं रक्त. ती रडलीसुद्धा नाही, माझ्याकडे बघून हसली. सतरंजीच्या कडेला तशा आणखी दोन होत्या. म्हणजे तिसरी की पाचवी, आधी एखादी गिळली की काय, कोण सांगणार?

तो मुलगा आणि मी धावत जिना उतरलो. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा आणि पोटाचा एक्स-रे सांगितला. टेक्निशियन म्हणाला, "करदोटा काढा, चांदीचे मणी आहेत, फोटोत येतील." बारशाला आजीने बांधलेला काळा करदोटा. मला गाठ सुटेना. नखं लागत नव्हती, बोटं थरथरत होती आणि लेकीला वाटत होतं मी गुदगुल्या करतेय. शेवटी सिस्टरने कात्रीने कापला. मणी टेबलाखाली घरंगळले, ते वेचायला तो मुलगा खाली वाकला. मी त्याला म्हटलं, राहू दे रे. पण त्याने सगळे वेचले, मोजून माझ्या हातात दिले. सात.

काही निघालं नाही. पोट स्वच्छ होतं. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस शी बघा, ताप आला तर या. रिक्षात बसल्यावर सरांचा फोन आला, बाळ कसं आहे विचारायला. मी सांगितलं, ठीक आहे, आणि पुढच्याच वाक्यात म्हटलं, "सर, फॉर्म सेव्ह केलाय." मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

त्यानंतर दोन दिवसांनी सरकारने ऑडिटची मुदत महिनाभराने वाढवली.

तर हे असं आहे. पिन कुठेही असते, घरीही असती. डॉक्टरही तेच म्हणाले, नवराही तेच म्हणाला. घरी असते तर मी आधी उठले असते का, हे मला नक्की सांगता येत नाही. मला त्या पिनेची भीती वाटली नव्हती इतकी त्या चार सेकंदांची वाटली. काम आणि मूल एकाच सतरंजीवर आलं की हात आधी कुठे जातो, ते मला त्या दिवशी कळलं. मग लगेच दुसरं मन म्हणतं, अगं, मावशी असत्या तर हे झालंच नसतं. सतरंजी झाडलेली असती, पोर त्यांच्या कडेवर असतं. म्हणजे चूक बाळाला ऑफिसला नेण्यात नव्हती, हजार रुपयांत एका बाईवर सगळं टाकण्यात होती. दोन्ही मला खरं वाटतं, आणि कुठल्या दिवशी कुठलं वाटेल ते सांगता येत नाही.

फोटो डीपीवरून त्याच रात्री काढला. हिरकणीची गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा मला तिच्या कड्यापेक्षा घरातल्या तान्ह्या बाळाची जास्त काळजी वाटायची, ती उतरेपर्यंत त्याच्याजवळ कोण होतं? आजही तेच वाटतं.

पुढचं फार नाही. दसऱ्यानंतर त्याच तिसऱ्या पाळणाघरात ठेवलं, अकरा मुलांतली बारावी म्हणून. काकू चांगल्या निघाल्या. मार्च २०२० ला लॉकडाउन लागलं, ते पाळणाघर पुन्हा उघडलंच नाही. मी घरून थोडंफार काम केलं, आता अकरा ते चार जाते. सीनियर होणार होते, झाले नाही.

"मग तू आता नेलं असतंस का?" असं त्या मुलीने परवा विचारलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? नेलं असतं. हे लिहितानाही माझं उत्तर तेच येतंय, आणि त्याची मला लाज वाटत नाही. मात्र मावशींचा पगार सरांच्या रजिस्टरला लावून, निदान अर्ध्या दिवसाचा तरी. सरांशी हे बोलायला मला इतकी वर्षं का लागली? तेव्हा बोलले असते तर उपकार विसरली असं वाटलं असतं त्यांना, ही भीती होती. ती अजून गेलेली नाही. ऑफिसात आता आम्ही सतरा जण आहोत, पन्नास होणार नाहीत.

एक्स-रेनंतरच्या रविवारी मी एकटीच ऑफिसला गेले होते, किल्ली घेऊन. घरातल्या जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळलं आणि रेकॉर्ड रूमच्या सगळ्या जमिनीवरून गुडघ्यावर बसून फिरवलं. कपाटांखालून, दाराच्या फटीतून. चहाच्या कपाचा तळ झाकेल एवढ्या पिना निघाल्या. हे करून लेकीला परत आणायचं नव्हतंच, तरीही केलं.

त्या मुलीला शनिवारी रेकॉर्ड रूम दाखवायला घेऊन जातेय. दाराची कडी अजून बसत नाही, सुताराला सांगितलंय. लोहचुंबक माझ्या ड्रॉवरमध्येच आहे.