राहू द्या, मी करते

मंगळवार, रात्री

आज बँकेत नेहा वाईट बोलली नाही. उलट हळूच म्हणाली, "मॅडम, राहू द्या, मी करते," आणि माझ्या हातातून फोन घेतला. एवढंच. पण घरी आल्यापासून तेच डोक्यात फिरतंय. कुकर लावताना तेच, अण्णांना गोळ्या देताना तेच.

नोव्हेंबर म्हणजे हयातीचे दाखले, पेन्शन चालू राहावी म्हणून जिवंत असल्याचा पुरावा. शटर वर जायच्या आधीच पेन्शनर पायरीवर येऊन बसलेले असतात. आजचे आजोबा पाटबंधारे खात्यातले. आयुष्यभर फावडं धरलेला अंगठा, त्यावर रेघच उरलेली नाही. ओल्या फडक्याने पुसला, बाकीची बोटं लावून बघितली, मशीन घेईना. मग चेहरा. 2021 पासून फोनच्या कॅमेऱ्यानेही दाखला होतो, पण त्यात पापणी मिटून उघडावी लागते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला "आता मिटा" म्हटलं की ते मिटूनच बसतात. मी त्यांना समजावत होते. वेळ लागत होता, रांग वाढली होती, सगळं मान्य. पण मला जमत नव्हतं असं नव्हतं.

हेच टोचतंय बहुतेक. जमत नव्हतं असं नव्हतं.

मी लागले तेव्हा लेजरं होती. महिनाअखेरीला बॅलन्सिंग, आणि फरक सापडेपर्यंत घरी जायचं नाव नाही. कॉम्प्युटरसाठी 1983 साली झालेल्या करारावरून युनियनमध्ये कशी भांडणं झाली, ते सीनियर मंडळी तेव्हाही तावातावाने सांगायची. मग लेजर पोस्टिंग मशीन आली, मग कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखा एकाच सिस्टिमवर. मायग्रेशनच्या रात्री आम्ही वडापाव खाऊन शाखेतच बसलो होतो. नोटबंदीत कॅशला मी होते. दर वेळी नव्याने शिकले, कुणी शिकवायला नसतानाही शिकले. आणि आता 58 व्या वर्षी "राहू द्या". भाजी चिरताना रडू आलं. गुडघ्यांचं आहेच, सुहासचंही काही कळत नाही, त्यात हे.

पण लिहिता लिहिता संध्याकाळची नेहा आठवतेय. कॅश टॅली करून निघाले तर ती लंचरूममध्ये, दुपारचा डबा तसाच. फोन उलटा ठेवलेला आणि सारखा थरथरतोय. वरून ग्रुपवर टार्गेटची विचारणा चालू होती: अटल पेन्शन किती, विमा किती. शून्य असलेल्या शाखांची यादी लाल रंगात. रात्री अकरालासुद्धा येतं हे. "मॅडम, झोपेतून उठून बघते मी. कधी कधी मेसेज आलेलाच नसतो, तरी वाजल्यासारखा वाटतो."

मी तो ग्रुप म्यूट करून झोपते. मला कोण काय करणार? प्रमोशन नको, बदलीची भीती संपली. तिला अजून तीसेक वर्षं काढायचीत.

सुहासने मागे एका अमेरिकी अभ्यासाचं वाचून दाखवलं होतं, 2008 चा. ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा ताण वय वाढेल तसा कमी होताना दिसला, असं त्यात होतं. मी तेव्हा उडवूनच लावलं. आज वाटतंय, असेलही. पण ज्यांना सोसलं नाही ते आधीच निघून गेले, हेही धरायला हवं. 2000-01 च्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीत, देशभरातल्या सरकारी बँकांतून लाखभर माणसं गेली. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्णीबाई त्यातच गेल्या. कॉम्प्युटर समोर आला की त्यांच्या हाताला घाम सुटायचा. त्यांचा ताण कुठल्या अभ्यासात धरणार? मोजायला उरलो आम्ही, टिकलेले.

आणि नेहाचा ताण न शिकता आल्याचा नाहीच. तिला सगळं येतं, म्हणून सगळं तिच्याच गळ्यात. माझ्या हातातला फोनही तिनेच घेतला, आपली कामं बाजूला ठेवून. राग धरू तरी कसा? टोचणं गेलेलं नाही, पण आता तिच्यावर नाही.

सुप्रिया सुळेंनी 2018 मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याच्या हक्काचं. त्याचा कायदा झाला नाही. शनिवारी रिजनल मॅनेजर येतायत. नेहा बोलली तर तिला पुढे त्रास होईल, माझं आता काय बिघडवतील? रात्री आठनंतर मेसेज नको. लाल यादी नको. आणि नोव्हेंबरभर दाखल्यांना वेगळा काउंटर हवा, तिथे मी बसेन, वेळ लागला तरी चालेल अशा ठिकाणी. हे उद्या सकाळी नीट कागदावर उतरवते, जोशींची सही मिळाली तर बरं.