पन्नासची लेन्स, दीडचं तोंड

आजचा अख्खा दिवस लायका एम या रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या बॉडीवर दोन लेन्सा आलटून पालटून लावण्यात गेला: झाइसची सी सोनार आणि फोकलेंडरची नोक्टॉन. दोन्ही ५० मिमी, एफ १.५.

सोनारची गोम म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र) बंद करत गेलं की फोकस मागे सरकतो. रेंजफाइंडरमध्ये आपण वेगळ्या खिडकीतून फोकस जुळवतो, लेन्समधून बघतच नाही, त्यामुळे तो सरकलेला कळत नाही. एक मीटरवर एफ १.५ ला, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं असताना, जेमतेम तीन सेंटिमीटर स्पष्ट येतं. डोळ्यावर धरलेला फोकस कानावर जातो!

लेन्स विकत घेण्याआधी पट्टी ४५ अंशांत तिरपी ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर. एफ १.५, २, २.८, ४ असे फोटो काढा, पण मधे फोकसला हात लावू नका. सगळ्याच फोटोंत फोकस सारखाच पुढे किंवा मागे आला तर लेन्स आणि बॉडीची जुळणी बिघडलीय. छिद्रागणिक सरकला तर तो लेन्सचा स्वभाव. फिल्म बॉडी असेल तर ही चाचणी उसन्या डिजिटल बॉडीवर करा, रोल वाया जात नाही.

सोनार ०.९ मीटरलाच थांबते, नोक्टॉन ०.७ पर्यंत येते. घरातल्या पोर्ट्रेटला हा फरक फार जाणवतो. स्वस्तातली रशियन जुपिटर-३ लेन्स मोह घालते खरी, पण तिचा कॅम (लेन्सचा फोकस रेंजफाइंडरला कळवणारा भाग) लायकाच्या मापाचा नाही. लांबचं नीट, जवळचं चुकतं.