दुखरा जबडा
आज क्लिनिकमध्ये रूट कॅनाल करताना माझाच जबडा ठणकू लागला, तेव्हा कुठे लक्षात आले की मास्कआड मी दात घट्ट आवळून बसले आहे. जबडा सैल असताना वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर अंतर असते, हे आम्ही घोकलेले असते. पण ठरवून दिलेल्या कामाचा कोटा पुरा करण्याची धास्ती आणि अपुरी झोप यांनी गालातला मॅसेटर स्नायू दगडासारखा होतो. रुग्णांना आम्ही ‘रात्री दात खाता का?’ असे विचारतो (आम्हाला कोण विचारणार!). जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला (कामाच्या सततच्या ताणाने पार गळून जाण्याला) आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले, ते मला पटते; नाइट गार्डने (रात्री दातांवर बसवायच्या कवचाने) दातांची झीज टळेल, वेळापत्रक थोडेच बदलणार? तोंड उघडताना डाव्या कानापुढे ‘कट्’ असा आवाज येतो, म्हणून उद्या मैत्रिणीकडून जबड्याचा सांधा तपासून घेणार आहे.